पृथ्वीच्या पोटात लोहचुंबक नाही

द्वितीय वर्ष बी. ए. (भूगोल)

शाळेच्या पुस्तकातले एक चित्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. पृथ्वीचा गोल, त्याच्या मधोमध किंचित तिरपी ठेवलेली लोहचुंबकाची पट्टी आणि पट्टीच्या एका टोकातून निघून दुसऱ्या टोकात शिरणाऱ्या वक्र रेषा. खाली वाक्य असते : 'पृथ्वी हा एक प्रचंड लोहचुंबक आहे.' पट्टीचा दक्षिण ध्रुव भौगोलिक उत्तरेकडे का, हा प्रश्न परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा मानला जातो. उत्तर पाठ केले की दोन गुण पदरात पडतात. ही पट्टी तिथे कोणी ठेवली, कोणी पाहिली, असे मात्र कोणी विचारीत नाही.

माझे म्हणणे असे की, हे चित्र ज्या तऱ्हेने छापले जाते ती तऱ्हा आता बदलावी. चित्र काढून टाकावे असे मी म्हणत नाही. ते नुसते चित्र आहे, पृथ्वी नव्हे, एवढे त्याच्याखाली स्वच्छ लिहावे. एवढ्याशा गोष्टीसाठी वार्षिकांकाची पाने कशाला अडवायची, असे कोणाला वाटेल. परंतु आपण ज्ञान कशाला म्हणतो, हा प्रश्न या एवढ्याशा गोष्टीत दडलेला आहे.

हे वाक्य आले कोठून?

पृथ्वी हाच एक मोठा लोहचुंबक आहे, हे विधान इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने केले. हा एलिझाबेथ राणीचा वैद्य. त्याचा लॅटिन ग्रंथ १६०० साली प्रसिद्ध झाला. चुंबकदगडाचा गोळा करून त्याने पृथ्वीची छोटी प्रतिकृती बनविली, तिच्यावर बारीक सुई फिरवून पाहिली, आणि त्या गोळ्यावर सुई जशी वळते व कलते तशीच ती पृथ्वीवरही वळते व कलते, असे दाखविले. सुईला आकाशातून ओढ लागते असे पुष्कळ लोक मानीत असण्याच्या काळात, तिला वळविणारी शक्ती आपल्या पायाखाली आहे असे सांगायला मोठी बुद्धी आणि मोठे धैर्य लागते. गिल्बर्टचा गोळा हे एक प्रतिमान होते. प्रतिमान म्हणजे जी वस्तू हाती लागत नाही तिच्यासारखी वागणारी, पण हाती लागणारी दुसरी वस्तू. ती कधी दगडाची असते, तर कधी कागदावरच्या गणिताची.

परंतु गिल्बर्टच्या ग्रंथाला चाळीस वर्षेही झाली नाहीत तोच या दगडी प्रतिमानाला तडा गेला. १६३५ साली हेन्री गेलिब्रँडने जाहीर केले की, लंडनमध्ये खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतला कोन बदलत चालला आहे. १५८० साली सुई पूर्वेकडे सुमारे ११ अंश झुकत होती, १६३४ साली ती सुमारे ४ अंशच झुकू लागली. दगड काही असा आपल्या जागी बसल्या बसल्या बदलत नाही. म्हणून धूमकेतूमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या एडमंड हॅलेने १६९२ साली दुसरी कल्पना मांडली : पृथ्वीच्या आत, बाहेरच्या कवचापासून सुटा असा आणखी एक चुंबकीय गोल वेगळ्या गतीने फिरत असावा. कल्पना पुढे टिकली नाही. पण आत काही तरी हलते आहे, हे त्याने बरोबर ताडले होते.

दुसरा अडसर उष्णतेचा. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसला तापले की त्याचे कायमचे चुंबकत्व जाते. चुंबकदगडाचे तर ५८० अंशांच्या आसपासच जाते. जमिनीत खाली जावे तसे तापमान सुरुवातीला दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. म्हणजे शंभरएक किलोमीटरांच्या आतच ही मर्यादा ओलांडली जाते. पृथ्वीची त्रिज्या तर ६,३७१ किलोमीटर आहे. पुस्तकातली ती पट्टी खरोखरच मध्यभागी ठेवली असती तरी ती चुंबक म्हणून राहिली नसती.

मग आत आहे तरी काय?

माणसाने आजवर खणलेले सर्वांत खोल छिद्र रशियात कोला येथे आहे. त्याची खोली १२ किलोमीटरांच्या थोडी वर. त्याखाली कोणी गेलेले नाही, जाण्याची शक्यताही दिसत नाही. आतली बातमी आपल्यापर्यंत आणतात त्या भूकंपाच्या लाटा. कोयनेचा १९६७ चा किंवा किल्लारीचा १९९३ चा भूकंप आपण दुःखाने आठवतो. अशा धक्क्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून दूरदूर जातात आणि ज्या पदार्थातून गेल्या त्याची खूण घेऊन बाहेर पडतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास केला होता. अशाच लाटांवरून त्यांनी १९०६ साली पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचा पुरावा दिला. काही लाटा द्रवातून जाऊ शकत नाहीत. त्यावरून १९२६ साली हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी गाभा द्रव असल्याचे दाखविले. १९३६ साली डेन्मार्कच्या इंगे लेहमन या विदुषींनी त्या द्रवाच्याही आत आणखी एक गोळा असल्याचे ओळखले. तो घन आहे, हे पुढे स्पष्ट झाले.

आज आपल्याला एवढे माहीत आहे की, सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर खडकाचे प्रावरण संपते आणि वितळलेल्या लोखंडाचा बाह्यगाभा सुरू होतो. त्यात थोडे निकेल आणि काही हलकी मूलद्रव्ये मिसळलेली आहेत. हा गाभा मंगळ ग्रहापेक्षा थोडा मोठाच आहे. त्याच्या मध्यभागी सुमारे १,२२० किलोमीटर त्रिज्येचा घन आंतरगाभा. तापमान हजारो अंश. हे द्रव लोखंड स्थिर नाही. चुलीवर भाताचे आधण ठेवले की खालचे तापलेले पाणी वर येते आणि वरचे निवलेले खाली जाते, तसे ते ढवळत असते. शिवाय आंतरगाभा हळूहळू गोठत मोठा होतो आहे. गोठताना हलकी मूलद्रव्ये मागे उरतात आणि तीही वर चढतात. त्यात पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे हे प्रवाह सरळ न राहता पीळ पडल्यासारखे वळतात. त्यांचा वेग किती? सेकंदाला अर्धा मिलिमीटर किंवा त्याच्या आसपास, म्हणजे मुंगीपेक्षाही सावकाश. तरीही वर्षाकाठी दहा-पंधरा किलोमीटर अंतर तुटते.

सायकलचा डायनामो सर्वांनी पाहिला आहे. चाक फिरले की वीज तयार होते, कारण तिथे चुंबक आणि तारेचे वेटोळे एकमेकांजवळ फिरतात. गाभ्यातही तेच घडते. लोखंड विजेचे वाहक आहे, ते चुंबकीय क्षेत्रातून वाहते, त्यामुळे त्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहामुळे पुन्हा चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. सायकलच्या डायनामोत चुंबक आयता बसविलेला असतो. पृथ्वीत तो कोणी बसविला? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. दही लावायला विरजण लागते, आणि विरजण म्हणजे कालचेच दही. गाभ्यातले आजचे चुंबकीय क्षेत्र कालच्या क्षेत्राचे विरजण घेऊन तयार होते. अगदी पहिले विरजण सूर्याच्या अथवा अवकाशातल्या क्षीण क्षेत्राचे असले तरी पुरते. पण नुसत्या विरजणाने भागत नाही, दूधही रोज लागते. गाभ्यातले ढवळणे थांबले तर हे क्षेत्र काही दहा हजार वर्षांत विरून जाईल. खडकांची साक्ष अशी की, ते तीनशे कोटी वर्षांहूनही अधिक काळ टिकून आहे. म्हणजे ते आत सतत नव्याने तयार होत असले पाहिजे.

कागदावरची पृथ्वी

ही कल्पना १९१९ साली जोसेफ लार्मर यांनी प्रथम सूर्याच्या संदर्भात मांडली. ऐकायला सोपी, पण सिद्ध करायला भलतीच अवघड. १९३० च्या दशकात थॉमस कौलिंग यांनी गणिताने दाखवून दिले की, अक्षाभोवती सर्व बाजूंनी अगदी सारखे असे साधे क्षेत्र या रीतीने टिकूच शकत नाही. म्हणजे गाभ्यातली गती वेडीवाकडी, गुंतागुंतीची असेल तरच हा डायनामो चालेल. आपल्या पुस्तकातल्या सुबक चित्राला याहून मोठा धक्का कोणता? त्या चित्रातला सुबकपणा आत नाही, आणि नाही म्हणूनच क्षेत्र आहे.

यातली खरी अडचण शेतकऱ्याला चटकन कळेल. पाट पाण्याला वळण देतो आणि पाणी पाटाला कापून त्याचे वळण बदलते. तसे लोखंडाचा प्रवाह क्षेत्र निर्माण करतो आणि ते क्षेत्र उलट प्रवाहाला ढकलून त्याची दिशा बदलते. दोहोंचे गणित एकाच वेळी सोडवावे लागते, शिवाय त्यात उष्णता आणि पृथ्वीचे फिरणे. १९५४ साली एडवर्ड बुलार्ड आणि गेलमन यांनी त्यातला निम्मा प्रश्न हाती घेतला. त्यांनी प्रवाह कसा आहे ते गृहीत धरले आणि क्षेत्र टिकते का ते पाहिले. उत्तर 'टिकते' असे आले. पुढे इतरांनी अधिक बारकाईने गणित केले तेव्हा ते उत्तर टिकले नाही. म्हणून बुलार्ड यांची वाट मात्र कोणी सोडली नाही. अपुरे यंत्र बाजूला ठेवून लोक अधिक चांगल्या यंत्राची वाट पाहत राहिले.

ते यंत्र यायला १९९५ साल उजाडले. अमेरिकेत गॅरी ग्लॅट्झमायर आणि पॉल रॉबर्ट्स यांनी महासंगणकावर संपूर्ण त्रिमितीय गाभा उभा केला. प्रवाह आणि क्षेत्र दोन्ही एकमेकांना घडवीत राहिले. त्याच वर्षी जपानमध्ये कागेयामा आणि साटो यांनीही असेच काम प्रसिद्ध केले. ग्लॅट्झमायर-रॉबर्ट्स यांच्या गणितात सुमारे ४०,००० वर्षांचा काळ उलगडला, आणि त्याच्या शेवटाकडे कोणी न सांगता त्या गणिती पृथ्वीचे ध्रुव उलटले! उत्तरेचे दक्षिण झाले.

हे नुसते यंत्राचे लहरीपण नव्हते. खऱ्या पृथ्वीनेही हे अनेकदा केले आहे. फ्रान्सच्या बर्नार्ड ब्रून यांनी १९०६ साली उलट्या दिशेने चुंबकित झालेला लाव्हा दाखविला होता, आणि जपानच्या मातुयामा यांनी १९२९ साली अशा उलट्या खडकांना काळाची जोड दिली. शेवटची पालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली. याची साक्ष पाहायला आपल्याला परदेशी जावे लागत नाही. आपला सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा आहे तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. लाव्हा थंड होताना त्यातल्या चुंबकीय कणांत त्या वेळच्या क्षेत्राची दिशा कायमची गोठते. पश्चिम घाटातले कितीतरी थर क्षेत्र उलटे असतानाच्या काळात थंड झालेले आहेत, वरचे काही थर सुलट्या काळातले. भारत त्या वेळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हेही याच दगडांनी सांगितले. आपण गडावर चढतो तेव्हा पायाखाली ही नोंदवही पसरलेली असते.

प्रतिमानाची कबुली

आता मूळ मुद्द्याकडे येते. १९९५ नंतर अशी अनेक प्रतिमाने झाली, संगणक कितीतरी पटींनी मोठे झाले. मग प्रश्न सुटला का? नाही. गाभ्यातले द्रव लोखंड जवळजवळ पाण्याइतके पातळ असावे असा अंदाज आहे. पातळ द्रव वेगाने फिरणाऱ्या गोलात ढवळला की मोठ्या भोवऱ्यांच्या पोटात लहान, त्यांच्या पोटात आणखी लहान असे भोवरे उठतात. इतके बारीक भोवरे मोजू शकेल असा संगणक अद्याप नाही. म्हणून प्रतिमानात द्रव मुद्दाम दाट धरावा लागतो. पृथ्वीच्या फिरण्याच्या हिशेबाने हा दाटपणा उत्तमातल्या उत्तम प्रतिमानातही खऱ्यापेक्षा कोटी-कोटी पटींनी जास्त असतो. पाण्याचे गणित जमत नाही म्हणून काकवीचे गणित करायचे, असाच हा प्रकार.

तरीही या काकवीच्या पृथ्वीला दोन ध्रुव असतात, ते भटकतात, कधी उलटतात. १९९५ च्या प्रतिमानाने असेही सुचविले की, आंतरगाभा बाकीच्या पृथ्वीपेक्षा थोडा पुढे पळत असावा. लगेच १९९६ साली सॉंग आणि रिचर्ड्स यांनी भूकंपलाटांवरून तसे दिसत असल्याचे जाहीर केले. पुढच्या अभ्यासांनी तो वेग पुष्कळच खाली आणला, आणि वाद आजही चालू आहे. सुईच्या बदलाची गती मधूनच झटका बसल्यासारखी पालटते. तसा एक झटका १९६९ च्या सुमारास जगातल्या अनेक वेधशाळांत दिसला होता. अशा झटक्यांचे कारण गाभ्यातल्या लाटांत असावे, असे ओबेर आणि फिनले यांनी २०१९ साली प्रतिमानातून दाखविले. प्रयोगशाळांतही वितळलेले सोडियम फिरवून चुंबकीय क्षेत्र आपोआप निर्माण करण्यात आले. १९९९ साली लॅटव्हियात रीगा येथे आणि जर्मनीत कार्ल्सरुऽ येथे, तर २००६ साली फ्रान्समध्ये ते साधले. म्हणजे मूळ तत्त्व पक्के आहे, तपशील अपुरा आहे.

मला या साऱ्यात सर्वांत मोलाची वाटते ती एक रीत. प्रतिमान करणारे शास्त्रज्ञ हा अपुरेपणा लपवीत नाहीत. आपले प्रतिमान पृथ्वीपासून कोठे आणि किती दूर आहे, हे ते आपल्या लेखात आकड्यांनिशी लिहितात. त्यामुळे पुढचा माणूस तेथूनच काम सुरू करू शकतो. जगातल्या मोठमोठ्या यंत्रांवर वर्षानुवर्षे काम करणारे लोक 'हे पृथ्वीसारखे आहे, पृथ्वी नव्हे' असे लिहितात, आणि आमच्या हाती पडणारे दोन रुपये किमतीचे चित्र मात्र 'पृथ्वी अशी आहे' म्हणून सांगते. हा विरोध मला खटकतो.

नोंद ठेवणारी माणसे

प्रतिमान कितीही मोठे असले तरी ते ताडून पाहायला जुन्या नोंदी लागतात. गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८३९ साली अशी रीत दिली की, जगभरच्या ठिकठिकाणच्या मोजमापांवरून क्षेत्राचा किती भाग पृथ्वीच्या आतून येतो आणि किती बाहेरून, हे वेगळे काढता यावे. जवळजवळ सगळे आतून येते, असे त्याला आढळले. पण त्याआधीच्या काळाचे काय? तेथे कामी आले खलाशी. वाट चुकू नये म्हणून ते सुईचा कोन जहाजावरच्या वहीत टिपून ठेवीत. युरोपातल्या दप्तरखान्यांत पडून असलेल्या त्या वह्या वाचून काढण्याचे काम योंकर्स या इतिहासाच्या अभ्यासकाने केले. त्यांत हिंदुस्थानाकडे येणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या नोंदीही होत्या. जॅक्सन आणि वॉकर या भूभौतिकीच्या अभ्यासकांसह त्यांनी २००० साली १५९० ते १९९० या चारशे वर्षांतले गाभ्याच्या पृष्ठभागावरचे क्षेत्र नकाशांत उभे केले. वादळात जीव मुठीत धरून दिशा टिपणाऱ्या खलाशाला आपण २,९०० किलोमीटर खोलीवरच्या लोखंडाची बखर लिहीत आहोत, हे स्वप्नातही आले नसेल.

या बखरीत आपल्या मुंबईचेही पान आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, आणि तेथे चुंबकीय निरीक्षणे १८४१ पासून नियमित सुरू झाली. केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे यांनी ऐन तारुण्यात या वेधशाळेत प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली नोकरी केली. पुढे ते लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू झाले, आणि 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडतील म्हणून चुंबकीय विभाग १९०४ साली अलिबागला नेण्यात आला. पण जुनी आणि नवी नोंद एकमेकींशी जुळावी म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी निरीक्षणे चालू ठेवली गेली. त्या वेळचे संचालक नानाभाई मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदींचे ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केले. १९७१ साली स्वतंत्रपणे स्थापन झालेली भारतीय भूचुंबकत्व संस्था अलिबागचे हे काम आजही चालविते. सूर्याच्या प्रभावाने सुई दिवसभर थोडी थोडी हलते, चुंबकीय वादळात तर जोराने थरथरते. परंतु वर्षावर्षाच्या सरासऱ्या काढल्या की हे खेळ बव्हंशी वजा होतात आणि उरतो तो गाभ्यातला संथ बदल. तो दिसायला एका माणसाचे आयुष्य पुरत नाही. एकाने वही ठेवायची, दुसऱ्याने उचलायची, असेच ते चालते. २०१३ साली सोडलेले युरोपचे 'स्वार्म' नावाचे तीन उपग्रह आज हेच काम आकाशातून करतात, पण त्यांच्या आधीची पावणेदोनशे वर्षे ते देऊ शकत नाहीत.

आणि हा सारा उद्योग निरुपयोगी नाही. १८३१ साली जेम्स क्लार्क रॉस याने कॅनडाच्या उत्तरेला शोधलेला चुंबकीय ध्रुव आता सैबेरियाच्या दिशेने सरकत आहे. मध्यंतरी त्याचा वेग वर्षाला ५० किलोमीटरांच्या वर गेला. विमाने, जहाजे आणि आपल्या खिशातले मोबाइल यांना दिशा दाखविणारे जागतिक चुंबकीय प्रतिमान दर पाच वर्षांनी नवे होते. या पळणाऱ्या ध्रुवामुळे ते २०१९ साली मुदतीआधीच सुधारावे लागले. गाऊसच्या काळापासून क्षेत्राचा मुख्य भाग जवळजवळ दहा टक्क्यांनी क्षीण झाला आहे. एवढ्यावरून उद्याच ध्रुव उलटणार असे सांगणारे लोक भेटतात. शास्त्रज्ञ तसे सांगत नाहीत, कारण असे चढउतार पूर्वीही झालेले आहेत.

आमच्यासाठी याचा अर्थ

आता दोन आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, लहान मुलांना सोपे करूनच सांगावे लागते, त्यांना गाभ्याचे गणित कोण शिकविणार? मान्य. पण सोपे करणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. पट्टीचे चित्र पृथ्वीबाहेरच्या क्षेत्राचा आकार बऱ्यापैकी दाखविते, तेवढ्यापुरते ते उत्तम प्रतिमान आहे. 'जणू काही आत पट्टी असावी' यातला 'जणू काही' पाचवीच्या मुलालाही समजतो. आजीच्या गोष्टीतला वाघ बोलतो, म्हणून रानातला वाघ बोलेल असे कोणतेही मूल समजत नाही.

दुसरा आक्षेप आम्हा कला शाखेच्या मुलामुलींना नेहमी ऐकावा लागतो : तुम्हाला या विज्ञानाशी काय करायचे आहे? याला उत्तर वर आलेच आहे. खलाशांच्या वह्या वाचायला इतिहासाचा अभ्यासक लागला. आणि मराठीत हे सांगता येणार नाही असे म्हणणाऱ्यांनी केरूनानांचे स्मरण करावे.

परंतु माझ्या आग्रहाचे खरे कारण वेगळेच आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझे वडील छापील कागदाला चुकून पाय लागला तर तो उचलून कपाळाला लावतात, मग तो किराणा बांधून आलेला का असेना. या आदरामुळेच मी आज येथे आहे, त्याची थट्टा मी कधीच करणार नाही. पण हाच आदर शाळेत आमच्या पायात अडकतो. जे छापले ते खरे, जे खरे ते पाठ करायचे, अशी आमची समजूत होऊन बसते. ज्या घरात दोन-तीन पिढ्या पुस्तके आहेत तेथे जेवताना कोणी तरी म्हणते, 'अरे, हे काही तितकेसे बरोबर नाही हं!' आमच्या घरी हे म्हणणारे कोणी नाही. आम्हाला ते पुस्तकानेच शिकवायला हवे. प्रश्न अजून सुटलेला नाही असे पुस्तक स्वतःच सांगेल तेव्हाच, त्या प्रश्नात आपल्यालाही जागा आहे, असे आमच्यासारख्यांना वाटेल. सगळे संपलेले, ठरलेले, पट्टीसारखे घट्ट ज्ञान आम्हाला फक्त घोकता येते.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. त्या चित्राखाली तीन वाक्ये छापावीत. पहिले : या चित्रातील पट्टी काल्पनिक असून ती फक्त बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राचा आकार समजण्यासाठी काढली आहे. दुसरे : हे क्षेत्र बाह्यगाभ्यातील वाहत्या लोखंडामुळे सतत निर्माण होते आणि बदलते. तिसरे : ते नेमके कसे घडते याचे गणित अजून पूर्ण सुटलेले नाही. पुस्तके बदलेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या डी. एड., बी. एड. करून गावोगावच्या शाळांत शिक्षक होणार आहेत. ही तीन वाक्ये फळ्यावर लिहायला कोणाच्या परवानगीची गरज पडणार नाही. खडू पुरेसा आहे.